तितराची हाक

आमच्या शिवाच्या लेकीच्या गळ्यात काय नव्हतं? कुकरची शिट्टी होती, चढावर धापा टाकणारी अहमदपूरची एसटी होती, शेजारच्या गुणाबाईचा खोकला होता आणि तितर होता. नाव हौसेनं सृष्टी ठेवलेलं, पण गावानं बारशाच्या दुसऱ्या दिवशीच त्याचं सिष्टी करून टाकलं. आठ वर्षांची पोर. पडवीत बसून तोंडाला ओंजळ लावायची आणि 'क-तीतर, क-तीतर' असं ओरडायची, की बांधावरून खरा तितर उलट उत्तर द्यायचा. मी तिची आत्या, सिंधु. माझं सासर अहमदपूरला, माहेर तिथून एसटीनं अर्ध्या तासावर, त्यामुळे माहेरच्या प्रत्येक भांडणाचा निकाल माझ्याकडे येतो. निकाल मी देते आणि पाळत कुणीच नाही, ती गोष्ट वेगळी.

यंदाचं भांडण बंदुकीचं होतं.

शिकार आमच्या घरात पिढीजात. आजोबांची ठासणीची बंदूक होती, शिवाची छऱ्याची आहे. ससा, पारवा, तितर, जे सापडेल ते. कायद्यानं हे सगळं बंद आहे, आणि शिवाला ते चांगलं माहीत आहे, म्हणून तो शिकारीला 'राखण' म्हणतो. तितराची शिकार डोळ्यांपेक्षा कानांची. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात नेऊन ठेवायचा. तो ओरडला की रानातला तितर, माझ्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून, तावातावानं भांडायला येतो. आला की मारायचा. शिवाचा पाळलेला तितर दसऱ्याच्या सुमाराला मुंगसानं नेला. हा चार दिवस घरात सुतकात बसल्यासारखा बसला, आणि पाचव्या दिवशी त्याला पडवीतून लेकीचा आवाज ऐकू आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्याचं झालं.

तेव्हापासून तो पहाटे पोरीला उठवून रानात न्यायला लागला. आधी नुसतं ओरडायला. मग म्हणाला, हिला बंदूकही शिकवतो. झालं, ऋतुजानं मला फोन केला.

ऋतुजा माझी भावजय. लातूरची, शिकलेली, बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हणाली की नाही. मी पोचले तेव्हा दोघं दोन खोल्यांत होती. शिवा म्हणाला, मी सातव्या वर्षी शिकलो, माझं काय वाकडं झालं? बकरं कापताना ही पोरगी बघतेच की, ताटात आलं की हाडं चघळतेच की. मग ते कुठून येतं हे कळलं तर काय बिघडलं? हात स्थिर होतो, नजर बसते, भीती जाते. "आन् अक्का, पोरीच्या जातीला तर आधी शिकवावं. उद्या कोण आडवा आला तर हात थरथरू नये तिचा."

खोटं कशाला बोलू, मला पटलं. मीही पोरीच्या जातीची. अंधार पडायच्या आत घरी ये म्हणून सगळं आयुष्य ऐकलेली.

ऋतुजाचं म्हणणं निराळं होतं. ती काही जीवहत्येचं पाप वगैरे सांगत बसली नाही. "अक्का, मारूच नका असं मी म्हणत न्हाई. मी बी रस्सा वरपते. पण लेकराच्याच तोंडानं बोलवायचं आन् लेकराच्याच हातानं मारायचं, ही कुठली रीत? तिचं मन एकदा मेलं, तर ते कोणच्या दवाखान्यात न्यायचं?"

आडवा येणारा वेगळा आणि बोलावल्यावर येणारा वेगळा, एवढं साधं तिला कळत होतं आणि आम्हा बहीणभावाला कळत नव्हतं. मी निकाल दिला तो धड ना इकडचा धड ना तिकडचा. हाक मारायला न्यावं, बंदूक मात्र बारा वर्षांची होईपर्यंत हातात देऊ नये. शिवानं मान डोलावली. ऋतुजानं नुसतं माझ्याकडे बघितलं. सिष्टीला कुणी काही विचारलं नाही. ती दाराआडून गुणाबाईचा खोकला काढत होती, आम्हाला हसवायला.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळा मुलूख रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना दिलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, सगळ्या भाज्यांची भज्जी आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर न्यायचं, आणि बांधावरून जाणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हाका मारमारून जेवायला बसवायचं. काळ्या आईची ओटी भरायचा दिवस. त्या दिवशी मटणाचं नाव कुणी काढत नाही.

शिवाचे लातूरचे मित्र जेवायला आले होते. भरपेट जेवून ज्वारीच्या कडेला आडवे झाले, आणि शिवाला काही राहवेना. आमच्या सिष्टीचा आवाज ऐका म्हणाला. पोरीनं ओंजळ तोंडाला लावून हाक काढली, लांबून तितरानं उत्तर दिलं. मंडळी खूश झाली. त्यांतला एक काडीनं दात कोरत म्हणाला, "नुसती बोलावती, का मारती बी?"

शिवाचा चेहरा मी त्याच्या जन्मापासून ओळखते. तो उठून ट्रॅक्टरकडे निघाला तेव्हाच मी म्हटलं, आज नको रे, आज येळवस आहे. एकच, अक्का, नुसतं दाखवायला, असं म्हणून तो बंदूक घेऊन आलासुद्धा. ऋतुजा विहिरीवर भांडी घासत होती. माझा निकाल त्यानं केव्हाच गुंडाळून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं, कारण पोरीला काही सांगावं लागलं नाही. ती आपणहून बांधाआड पालथी पडली. त्यानं बंदूक भरून दिली, दस्त्याखाली तिच्या खांद्याला टॉवेलाची घडी लावली आणि हळू आवाजात म्हणाला, "श्वास धरायचा. डोळा मिटायचा न्हाई. जवळ येईस्तोवर हलायचं न्हाई."

लांबचा तितर काही येईना. ओरडत होता, पण जागचा हलत नव्हता. मंडळी कंटाळली, कुणी मोबाईल काढला. शिवा पोरीकडे बघायला लागला. तेव्हा सिष्टीनं जिभेनं ओठ ओले केले आणि निराळाच आवाज काढला. बारीक, घशातल्या घशात, झाकणाखाली पाणी उकळावं तसा. मी तो कधी ऐकला नव्हता. शिवानंही ऐकला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तुरीतून तीन पिल्लं बाहेर आली. अर्धवट वाढलेली, माना उंच करून, एकामागं एक धावत. भांडायला येणारा तितर छाती काढून येतो, शिवानं मला पूर्वी दाखवलं होतं. ही तशी आली नाहीत. जेवायला हाक मारल्यावर आपली लेकरं येतात तशी आली. पार जवळ आली. सिष्टीनं बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, मार.

पुढचं पिल्लू पडलं. मागची दोन लगेच उडाली नाहीत, हे मला विसरता येत नाही. ती त्याच्याजवळ उभी राहिली आणि बोलावणारी कुठं आहे ते शोधत राहिली. मग मंडळींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा उडाली. कुणी शिवाच्या पाठीवर थाप मारली, कुणी पिल्लू पोरीच्या हातात देऊन फोटो काढला. ऋतुजा ओल्या हातांनी विहिरीवरून आली. तिनं सगळं बघितलं, पदरानं आंबिलीचं मडकं झाकलं आणि पांडवांकडे पाठ करून बसली.

परत निघताना सिष्टी माझं बोट धरून चालत होती. मी विचारलं, तो दुसरा आवाज कुठला गं?

"ती आईची हाक हाय, आत्या. पिल्लास्नी बोलवायची. हितं ये, दाणे हायत म्हणून."

"मग तीच का काढलीस?"

"दुसऱ्या हाकेला कोणच येईना. पप्पा बघून राहिले होते."

मी तिचं बोट सोडलं नाही. घरी येऊन शिवाला तेवढं म्हटलं, की आता पुरे. तो हसला. पोरगी निशाणेबाज आहे म्हणाला, अक्का, तुला कळत न्हाई.

त्यानंतर ती रोज बापाबरोबर जात राहिली. तिला बंदुकीचं वेड लागलं असतं तर एकवेळ समजलं असतं, हट्ट म्हणून सोडून दिलं असतं. पण तसलं काही नव्हतं. सांगितलं की जायची, सांगितलं की पालथी पडायची, मारायची, घरी येऊन दप्तर भरायची. कुकरची शिट्टी बंद झाली, एसटी बंद झाली, गुणाबाईचा खोकला गुणाबाईपाशीच राहिला. ऋतुजा मला फोनवर सांगायची आणि मी म्हणायचे, मोठी व्हायलीय, दुसरं काय.

संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला तो रडतच. सिष्टी परसात उकिडवी बसून घरच्या कोंबडीसारखी कुटकुट करत होती. पिल्लं धावत तिच्याजवळ आली, तशी तिनं ढेकळं उचलून त्यांना मारायला सुरुवात केली. पळाली, की पुन्हा बोलवायची. आली, की पुन्हा ढेकळं. एक पिल्लू लंगडं झालं तरी थांबेना. ऋतुजानं हात धरला तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ढेकूळ सोडलं नव्हतं. "अक्का, आता ती घरच्या जिवास्नी बी मारायली. तुमी न्या तिला. माझ्या डोळ्यांदेखत माझी पोर कसाई व्हायली."

मीही तेच समजले. आम्ही दोघी शहाण्या बाया, दोघींनाही दुसरं काही सुचलं नाही.

ठरलं असं, की शिवा लातूरला बियाणं आणायला गेला की पोरीला अहमदपूरला आणायचं. तिथल्या शाळेत घालायचं. वर्षभर बंदूक दिसली नाही की विसरेल. मी ऑटो घेऊन गेले. बॅग भरून दाराआड ठेवली होती. सिष्टी मळ्यात होती. ऋतुजा अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "सिष्टे! ये गं माझे बाय, गुळाच्या पोळ्या केल्यात तुझ्यासाठी."

चुलीवर काहीच नव्हतं. चूल पेटवलीसुद्धा नव्हती.

पोर धावत आली. मान उंच करून, झिपऱ्या उडवत, चिखलाच्या पायांनी. मी तिला दंडाला धरून ऑटोत बसवलं, बॅग आत टाकली आणि ऑटो निघाला. मला वाटलं रडेल, हातपाय झाडेल. ती रडली नाही. मागच्या फटीतून आईकडे बघत राहिली, आणि मग आईचं तोंड दिसेनासं झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली.

अहमदपूरला तिनं मला कसलाही त्रास दिला नाही. आंघोळ कर म्हटलं की करायची, अभ्यासाला बस म्हटलं की बसायची. एकच गोष्ट होती. हाक मारली की यायची नाही. जेवायला ये म्हणून मी स्वयंपाकघरातून ओरडले की घरात सामसूम. ताट घेऊन तिच्यासमोर ठेवलं की निमूट जेवायची. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, हजेरीला नाव घेतलं की ही ओ देत नाही, खाली मान घालून बसते, जागेवर जाऊन पाठीवर हात ठेवला की मगच वर बघते. मी आधी रागावले. मुकी झालीस का, बहिरी झालीस का, असं सगळं बोलून झालं. मग लातूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले. ज्या पोरीला शेतापलीकडची पिल्लं ऐकू येतात तिचे कान उत्तम असणार हे मला त्यांच्या फीशिवायही माहीत होतं, पण माणूस आशा करतो, की बिघाड कानातच असावा.

शिवा दर बाजाराला यायचा. लातूरहून परत आल्या दिवशी त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. पण इथं येऊन लेकीला बघितल्यावर त्याचा ताठा गेला. बंदूक माळ्यावर टाकली, असं मला सांगायचा, जणू मी बक्षीस देणार होते. एकदा तिला हसवायला त्यानंच ओंजळ तोंडाला लावली आणि तितराचा आवाज काढला. फार वाईट काढला. पूर्वी ती पोट धरून हसली असती. आता ती उठली आणि माझ्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी एसटी स्टँडवर तो रडला. मला आधी दया आली नाही, रागच आला. मग दया आली.

"अक्का, मी नुसता निशाणा शिकवला," तो म्हणाला. "बाकीचं मी न्हाई शिकवलं."

एसटी लागली तसा डोळे पुसून चढला.

पाडव्याला मी तिला घेऊन गावी गेले. ऋतुजाची फार इच्छा होती. म्हणाली, सणाला माझी पोर माझ्याजवळ पाहिजे, आणि खरं तर हे सगळं आता मिटवू, बंदूक गेली, रुसवा जाईल. सकाळपासून आम्ही दोघींनी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. शिवानं गुढी उभारली. घर पूर्वीसारखं दिसत होतं. दुपारी पानं वाढायची वेळ झाली आणि सिष्टी दिसेना.

मी मळ्याकडे गेले. ज्वारी निघून गेली होती, रान मोकळं पडलं होतं, लपायला जागा म्हणावी तर एक कडब्याची गंज. तिच्यामागं ती होती. पालथी पडलेली, हनुवटी मातीला टेकवलेली. श्वास धरलेला. डोळे उघडे, अंगणाच्या दिशेनं. बापानं शिकवलं होतं तसंच सगळं, फक्त हातात बंदूक नव्हती.

मी तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात अंगणातून ऋतुजाची हाक आली. "सिष्टे! ए सिष्टे!"

अगं, मम्मी बोलावतीय, मी म्हटलं, ओ तरी दे. तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तळहाताला कडब्याचा वास होता.

"गप, आत्या. हाक आली की जायाचं नस्तंय. जातंय त्येच मरतंय."

मी तिचा हात बाजूला केला. म्हटलं, वेडे, ती तुझी आई आहे.

"हाव," ती कुजबुजली. "आईच्याच हाकेला तर येत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "मी कोंबडीच्या पिल्लास्नी लई शिकवलं. येऊ नगा म्हणून. ढेकळं मारली तरी येत्यात. त्यास्नी कळतच न्हाई."

परसातली ती ढेकळं, ते डोळ्यांतलं पाणी, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. कसाई म्हणालो होतो आम्ही तिला. या पोरीचं मन मेलं नव्हतं. ते मेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही. जिवंत मन घेऊन ती या मातीत पालथी पडली होती आणि तिला उठवायचं कसं, ते आमच्यापैकी कुणाला येत नव्हतं. जवळ बोलवायला माणसापाशी हाकेशिवाय असतं तरी काय?

ऋतुजानं पुन्हा दोनदा नाव घेतलं. तिच्या आवाजात काळजी यायला लागली होती.

"आता आवाज गोड करंल बघ," सिष्टी म्हणाली.

"ये गं माझे बाय," ऋतुजानं हाक मारली, मऊ, गोड, पार गळ्यातून. "पोळ्या केल्यात तुझ्यासाठी."

पोळ्या या वेळी खऱ्या होत्या. मी स्वतः लाटल्या होत्या, हाताला अजून पीठ होतं. ते मी सिष्टीला सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मला वाचवायला धरलं होतं तिनं. तिचा डोळा मिटत नव्हता.

ऋतुजा बराच वेळ हाका मारत होती. मी ओ दिली नाही.